२३८ निलंगा : हद्दीच्या आतबाहेर एक फेरी

लातूर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा, २३४ ते २३९ असे ओळीनं नंबर. लातूर ग्रामीण, लातूर शहर, अहमदपूर, उदगीर, निलंगा आणि औसा. हे मला पाठ होतं, पण हद्दी कुठून कुठं जातात ते कधी बघितलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२४ ला मतदानाला पुण्याहून घरी आले होते तेव्हा काका सहज बोलून गेले की निलंगा तालुक्यातल्या कासारशिरसीच्या माणसाला निलंग्याचा आमदार निवडताच येत नाही, त्याचं मत औशाला मोजतात आणि खासदार तर त्याचा धाराशिवचा. मला खरंच वाटेना. काका झेडपीचे निवृत्त शिक्षक, अर्धी नोकरी औसा तालुक्यात, निवडणुकीच्या ड्यूट्या किती केल्या त्याला गणती नाही. म्हणाले, नकाशा बघून कळत नसतं पोरी, चल एकदा दाखवतो. मग जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी काढली आणि दोघं निघालो.

शुक्रवार, २४ जानेवारी : लातूर, औसा, किल्लारी, कासारशिरसी

सकाळी घरूनच सुशीला खाऊन निघालो. (मराठवाड्याबाहेरच्यांसाठी : भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता, वरून दाण्याचा कूट, कोथिंबीर, लिंबू.) एसटी वेळेवर मिळाली. औशाला भुईकोट किल्ला आहे पण आम्ही थांबलो नाही, कारण काकांना ऊन चढायच्या आत किल्लारीला पोचायचं होतं.

लामजना पाटीवरून पुढं गेलं की दोन्ही बाजूला तूर काढलेली रानं, मधेच हिरवागार हरभरा, ज्वारी कमरेच्या वर आलेली. जानेवारीत इथली हवा फार छान असते, सकाळी स्वेटर आणि अकरा वाजता टोपी.

किल्लारी तेरणा नदीच्या काठचं गाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोकं नुकतीच झोपलेली. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. जुन्या गावाच्या जागेवर आता स्मृतिस्तंभ आहे, बाजूला बाभळी, आणि नवीन किल्लारी वेगळीकडं वसवलेली, सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. जुन्या गावात गल्ल्या होत्या, दगडमातीच्या रुंद भिंतींचे वाडे होते, आणि त्या भिंतींनीच माणसं दाबली. काका स्तंभापाशी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी १९९५ च्या विधानसभेची आठवण सांगितली. भूकंपानंतरची ती पहिली विधानसभा, बऱ्याच ठिकाणी लोकं अजून पत्र्याच्या शेडमधे राहायची. काकांच्या हातात जी यादी आली तिच्यात एकाच घर क्रमांकाखालच्या सगळ्या नावांवर रेघ मारलेली होती, आणि त्याच्या खालच्या घरात एकच नाव शिल्लक, एका बाईचं. त्या बाई मतदानाला आल्या होत्या. शाई लावून घेतली, शिक्का मारला आणि गेल्या. काका म्हणतात एवढ्या ड्यूट्या केल्या पण चेहरा आठवतो तो त्या बाईंचाच.

मला वाटतं मतदारयादीला आपण नुसता कागद समजतो, पण गावाची खरी नोंद तिच्यातच असते. कोण लग्न होऊन आलं, कोण गेलं, कुणाचं घर बंद पडलं, सगळं तिच्यात कळतं.

टीप : किल्लारीला स्मारक बघायला येणार असाल तर सकाळी या, सावली कमी आहे. गावात चहा-भजी मिळतात, जेवणासाठी लामजना पाटी बरी पडते. नव्या गावात फोटो काढताना लोकांना विचारून काढा, अजूनही बऱ्याच घरांत ती रात्र पाहिलेली माणसं आहेत.

किल्लारीहून वडापच्या जीपनं कासारशिरसी. तेरणा खोऱ्याची काळी जमीन आणि मधेच लालसर खडकाळ माळ असा रस्ता. औसा तालुका संपून निलंगा तालुका कधी सुरू झाला ते पाटीशिवाय कळत नाही. पण आपण अजून औसा मतदारसंघातच आहोत हे काका दर गावाला सांगत होते.

कासारशिरसी मोठं बाजाराचं गाव. चहाच्या टपरीवर बाकावर तीन-चार जण बसलेले, आपसात कानडी बोलत होते, आम्ही बसल्यावर मराठीत आले. एकानं विचारलं, "कुठं जाऊलालाव सर?" काका म्हणाले, मतदारसंघ बघायला निघालोय. त्यांना आधी नीट कळेना, पण कळल्यावर मात्र सगळेच बोलायला लागले. एका पांढऱ्या टोपीवाल्या बाबांनी बोटं मोडत सांगितलं, "तहसील निलंगा. आमदार औशाचा. खासदार धाराशिवचा. कलेक्टर लातूरचा. आता तुमीच सांगा आमी कुठले?"

तर झालंय असं. २००८ ला न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ च्या जनगणनेवर सगळ्या मतदारसंघांची फेररचना केली. निलंगा मतदारसंघात देवणी आणि शिरूर अनंतपाळ हे दोन्ही तालुके अख्खे आले, मग लोकसंख्येचा मेळ बसवायला निलंगा तालुक्यातली कासारशिरसी, मदनसुरी, कासार बालकुंदा ही महसूल मंडळं औशात गेली. आणि लोकसभेला औसा धाराशिवच्या मतदारसंघात, उमरगा, तुळजापूर, धाराशिव, परांडा आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीसोबत. निलंगा मात्र लातूर लोकसभेत, जिच्यात नांदेड जिल्ह्यातला लोहा पण येतो. २०२४ च्या लोकसभेला एकाच तालुक्यातल्या काही गावांनी ओमराजे निंबाळकर खासदार निवडून दिले आणि बाकीच्यांनी डॉ. शिवाजी काळगे. विधानसभेला या बाजूनं अभिमन्यू पवार, त्या बाजूनं संभाजी पाटील निलंगेकर.

लोकसंख्या सारखी करायची म्हणजे कुठंतरी रेघ मारावीच लागणार हे मला पटतं. एका मताची किंमत सगळीकडं सारखी राहायची तर दुसरा उपाय नाही. पण महसूल मंडळ तोडायचं तर निदान अशा ठिकाणी तोडावं की त्या लोकांचा बाजार, कॉलेज, सोयरीक ज्या बाजूला आहे त्याच बाजूला मत जाईल. कासारशिरसीचं सगळं येणंजाणं निलंग्याकडं. टपरीवरचे बाबा पण तेच म्हणत होते, फक्त माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. संध्याकाळी निलंग्याला मुक्कामी.

शनिवार, २५ जानेवारी : निलंगा, औराद शहाजनी

सकाळी सकाळी निलंगा राईस. लातूरच्या माणसाला हा काही नवा नाही, पुण्यात पण गाडे झालेत आता, पण निलंग्यात उभं राहून खाल्ल्याशिवाय पत्ता लागत नाही की यात काय आहे. पिवळाधमक मोकळा भात, भरपूर लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, तेल हात न आखडता. वरून लिंबू पिळायचं, बाजूला कांदा. गाड्यावाला मोठ्या पातेल्याच्या कडेनं उलथणं घालून तळाचा भात वर काढत होता, कारण शेंगदाणे खाली बसतात आणि वरचं गिऱ्हाईक उपाशी राहतं, असं तोच म्हणाला. प्लेट भरून, गरम, आणि दुपारपर्यंत भूक नाही.

तिथंच कळलं की एसटीची भाडेवाढ रात्रीपासून लागू झालीय, १४.९५ टक्के. स्टँडवर सगळीकडं तीच चर्चा. बायकांना अर्धं तिकीट आणि काका ६५ च्या वरचे म्हणून त्यांनाही अर्धं, त्यामुळं आम्हाला फार लागलं नाही, पण रोज अपडाऊन करणाऱ्या एका कॉलेजच्या पोराचा चेहरा उतरला होता. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नवीन भाड्याचे आकडे अडनिडे आहेत.

नीलकंठेश्वराचं मंदिर गावातच आहे. बाराव्या शतकाच्या आसपासचं, चालुक्य शैलीतलं, तीन गाभाऱ्यांचं. भिंती सरळ नाहीत, चांदणीसारखे कोपरे बाहेर काढत गेलेत, त्यामुळं उन्हाची तिरीप फिरेल तशी मूर्तींवरची सावली बदलते. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायच्या तर सकाळी नऊच्या आसपास जा. एका मूर्तीच्या पायातल्या तोडयावरचे बारीक घुंगरू सुद्धा मोजता येतात इतकं कोरीव आहे, आणि त्याच्या खालीच कुणीतरी खडूनं नाव लिहून ठेवलेलं. फार वाईट वाटलं.

मंदिराच्या पारावर बसून काकांनी निलंग्याचा इतिहास सांगितला, तो आता माझ्या शब्दांत.

१९६२ ला शिवाजीराव पाटील निलंगेकर इथून पहिल्यांदा आमदार झाले. पुढं १९८५ च्या जूनमधे वसंतदादांनी राजीनामा दिल्यावर मुख्यमंत्री. निलंग्यासारख्या कोपऱ्यातल्या तालुक्याला मुख्यमंत्रीपद मिळालं ही केवढी गोष्ट असेल त्या वेळी! काका म्हणतात लातूर जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती (१९८२), आणि जिल्ह्याचा माणूस थेट वर्षा बंगल्यावर. पण वर्ष पण पूर्ण झालं नाही. मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात हायकोर्टानं ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ ला राजीनामा. त्यांच्यानंतर शंकरराव चव्हाण आले, तेही मराठवाड्याचेच.

मग २००४. ही निवडणूक निलंग्यात अजून कालच झाल्यासारखी सांगतात. शिवाजीरावांच्या समोर भाजपकडून त्यांचाच नातू, संभाजी पाटील निलंगेकर, विशीतला पोरगा. आणि नातू निवडून आला. त्याच वर्षी लोकसभेला त्याच्या आई रूपाताई पाटील निलंगेकर यांनी शिवराज पाटील चाकूरकरांना लातुरात हरवलं होतं, जे १९८० पासून सलग सात वेळा निवडून आले होते. म्हणजे एकाच वर्षात एकाच घरातल्या माय-लेकरांनी जिल्ह्यातले काँग्रेसचे दोन मोठे गड घेतले. काका त्या वेळी निलंगा तालुक्यात केंद्राध्यक्ष होते. म्हणाले, एका घरातली माणसं मतदानाला येताना वेगवेगळी येत होती, सासरा एकटा, मुलगा-सून मागून, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

२००९ ला नवीन हद्दीतली पहिली निवडणूक. पंचाहत्तरी ओलांडलेले शिवाजीराव परत उभे राहिले आणि नातवाला हरवून परत आमदार झाले. २०१४ ला संभाजीरावांच्या समोर त्यांचेच काका अशोक पाटील निलंगेकर, २०१९ ला परत तेच, दोन्ही वेळा पुतण्या जिंकला. मधे ते मंत्री पण झाले. ५ ऑगस्ट २०२० ला शिवाजीराव गेले. २०२४ ला निलंगेकर विरुद्ध निलंगेकर असं नव्हतं, काँग्रेसकडून अभय साळुंके होते, निवडून परत संभाजीराव आले.

बाहेरची लोकं हे सगळं ऐकून म्हणतात की घराणेशाही आहे, आणि ती आहेच. पण मला त्यात दुसरंही दिसतं. आजोबाला पाडलं ते याच लोकांनी, पाच वर्षांनी नातवाला पाडून आजोबाला आणलं तेही याच लोकांनी, नंतर परत बदललं. आडनाव एकच राहिलं तरी मतदार एका जागी थांबलेला नाही. इथं जागा हातातून निसटू शकते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून प्रत्येक वाडी-तांड्यावर फिरावं लागतं.

पारावरून उठलो तर रस्त्यानं शाळेच्या मुलांची फेरी चाललेली. २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिवस. निवडणूक आयोगाची स्थापना १९५० ला याच तारखेची, २०११ पासून हा दिवस पाळतात. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती, धर्म, वंश, जात, समाज, भाषा किंवा कोणत्याही प्रलोभनाला बळी न पडता... एक छोटी मुलगी "प्रलोभनाला" वर अडखळली आणि शिक्षिकेनं थांबून तिला परत म्हणायला लावलं. काका त्या बाईंशी बराच वेळ बोलत बसले.

दुपारी औराद शहाजनी. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं घर तिथं, मुक्काम त्यांच्याकडं. कर्नाटकची हद्द इतकी जवळ की स्टँडवर कानडी पाटीच्या बस मराठी बसच्या शेजारी उभ्या, भालकी-बिदरचं येणंजाणं रोजचं. दुकानात गिऱ्हाईक मराठीत विचारतंय, दुकानदार मागं वळून कानडीत पोराला सांगतोय, आणि शेजारचा दखनीत हिशोब करतोय.

तेरणा आणि मांजरा यांचा संगम औरादच्या जवळच. यजमान काकांनी त्यांच्या गाडीतून नेलं. किल्लारीला बघितलेली तेरणा इथं येऊन मांजरेला मिळते आणि मांजरा पुढं बिदर, मग तेलंगणात, निजामाबादकडं जाऊन गोदावरीला. पाणी संथ होतं, काठावर ऊस, पलीकडं मोटारींची घरघर. याच मांजरेवर लातूरकरांची सगळी भिस्त. एप्रिल २०१६ ला ती आटली तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मी तेव्हा घरीच होते, आठ दिवसाआड घागरी भरायचो. आता भरलेलं पात्र बघून खरंच डोळे भरून आले.

टीप : संगमाकडं जायला स्वतःची गाडी हवी, शेवटचा रस्ता शेतातून आहे आणि पावसाळ्यात अजिबात जाऊ नका, काळ्या मातीत गाडी रुतते. खरोसा लेणी निलंगा-औसा रस्त्याला लागून आहेत, आम्हाला वेळ नव्हता, पण तुम्ही अर्धा दिवस राखून ठेवा.

संध्याकाळी रानात हुरडा. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांचा धूर, गूळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तसेच तोंडात, सोबत दही, लसणाची चटणी, गूळ. हात काळे झाले तरी कुणी थांबत नव्हतं.

तिथंच यजमानांचे चुलते येऊन बसले, वय नव्वदीच्या चांगलंच पुढं. नोव्हेंबरात ८५ च्या वरच्यांना घरून मतदानाची सोय होती, तेव्हा अधिकारी त्यांच्या बाजेपाशी आले होते हे त्यांनी आधी सांगितलं, मग म्हणाले, "मी पैलं मत टाकलं तवा हे हैदराबाद राज्य होतं."

मी सरसावून बसले. १९५२ ला निलंगा बिदर जिल्ह्यात होता, बिदर हैदराबाद राज्यात, आणि इथली मतं हैदराबादच्या विधानसभेसाठी. मतदानाचं वय तेव्हा २१. आणि त्या निवडणुकीत शिक्का नव्हता, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आपल्याला पाहिजे त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. आजोबांना बैलजोडीची पेटी आठवत होती, काँग्रेसची. पडद्याच्या मागं गेल्यावर कोणत्या पेटीत टाकायचं ते विसरून एक म्हातारी रडत बाहेर आली होती, ते पण आठवत होतं.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्य पुनर्रचना झाली. बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर तालुके द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. भालकी, बिदर, पलीकडचं औराद म्हैसूर राज्यात गेलं. १९५७ ला आजोबांनी मत दिलं ते मुंबई राज्यासाठी. १९६२ ला दिलं ते महाराष्ट्रासाठी. आजोबा म्हणाले, "पैली पेटी हैदराबादला गेली, दुसरी मुंबैला, तिसरीबी मुंबैलाच पर राज्य येगळं. मी हितंच व्हतो." त्यांच्या बहिणीला भालकीकडच्या गावात दिलेली. १९५६ नंतर तिची मतं बंगळूरला जायला लागली. मैल-दीड मैलावरच्या शेताचे दोन बांध दोन राज्यांत. मग १९८२ ला लातूर जिल्हा. म्हणजे एकाच घरात बसून तीन राज्यं आणि तीन जिल्हे.

कासारशिरसीच्या बाबांचा "आमी कुठले" हा प्रश्न मला या अंगणात नीट कळला. २००८ ची रेघ काही पहिली नाही, या भागातून सत्तर वर्षांत अशा रेघा एकामागून एक गेल्यात. पण फरक आहे. १९५६ ला निदान मराठी माणूस मराठी राज्यात यावा असा विचार होता, त्यासाठी लोकं लढली होती. २००८ ला फक्त आकडे जुळवायचे होते. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होणार आहे. तेव्हा हरकती मागवतील, त्या वेळी कासारशिरसी, मदनसुरीच्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवायला पाहिजेत असं मला फार मनापासून वाटतं. मागच्या वेळी काकांच्या ओळखीतल्या कुणालाच हरकत कशी द्यायची ते माहीत नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी : देवणी, शिरूर अनंतपाळ, उजेड

झेंडावंदन औरादच्या शाळेत करून निघालो. यजमानांचा मुलगा वलांडीवरून देवणीला सोडायला आला. वाटेत त्याचं बोलणं सगळं सोयाबीनचं. त्या हंगामात (२०२४-२५) हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, बाजारात त्याच्या खूप खाली. निवडणुकीत एका बाजूनं सहा हजार म्हणले, दुसऱ्या बाजूनं सात हजार. त्यांच्या घरात पण पोती पडूनच होती, खरेदी केंद्रावर नोंदणी करून मेसेजची वाट बघत. तो म्हणाला, इथं जात, घराणं, लाडकी बहीण सगळं चालतं ताई, पण शेवटी पोत्याकडं बघूनच माणूस बोलतो. 

देवणी म्हणलं की देवणी बैल. यांच्यात तीन प्रकार : वानेरा, शेवरा आणि बालंक्या. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडावर काळं, शेवरा म्हणजे पांढऱ्यावर काळे पट्टे-ठिपके कसेही पसरलेले, बालंक्या जवळजवळ सगळा पांढरा. एका शेतकरी दादांच्या गोठ्यात वानेरा वळू बघितला. मानेखालची पोळी लोंबलेली, कान मोठे, कपाळ फुगीर, आणि इतका शांत की काकांनी मानेखाली हात घातला तर डोळे मिटून उभा राहिला. दादा म्हणाले ट्रॅक्टर आल्यापासून बैल ठेवणारे कमी झाले, पण जातिवंत वळू आहे म्हणल्यावर लांबून लोकं विचारत येतात. काल रात्री ऐकलेली बैलजोडीची पेटी आठवली. ज्या भागात घरटी अशी जोडी दावणीला असायची तिथं अक्षर न येणाऱ्या माणसाला ते चिन्ह सांगावंच लागलं नसेल.

देवणी आधी उदगीर तालुक्यात होती, नंतर वेगळा तालुका झाला. उदगीर मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, आणि शेजारी हेर नावाचा एक मतदारसंघ होता तो २००८ च्या रचनेत पुसलाच गेला. काका म्हणाले, हेर गाव आहे तिथंच आहे, पण आता निकालाच्या दिवशी टीव्हीवर त्याचं नाव कुणी घेत नाही.

शिरूर अनंतपाळला जेवण केलं. ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घातलेली आमटी, ठेचा, कच्चा कांदा. खानावळ साधी, दोनच बाकडी, पण आमटी अशी की काकांनी तीन वेळा घेतली. येसर घरचाच होता, बाईंनी डबा उघडून वास दिला.

टीप : शिरूर अनंतपाळ, देवणी दोन्हीकडं राहायची सोय फारशी नाही, मुक्काम निलंगा किंवा उदगीरला करा. रविवारी वडाप कमी असतात.

मग उजेड. या गावाबद्दल काकांनी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आसपास इथं यात्रा भरते, आणि ती कुठल्या देवाची नाही, पिराची नाही, महात्मा गांधींची! पुतळ्याला हार, लोकं येऊन हात जोडत होती, आणि त्याच्या भोवती इतर कुठल्याही यात्रेत असतं ते सगळं : आकाशपाळणा, जिलेबी, भेळ, बांगड्यांची दुकानं, भोंग्यावर हरवलेल्या पोराचं नाव. पुतळ्यापाशी एक आजी नारळ फोडू का म्हणून विचारत होत्या, बाजूच्या दाढीवाल्या चाचांनी त्यांच्या हातातली पिशवी धरली आणि म्हणाले, फोडा की माय, बाबाला सगळं चालतं. 

मी तिथं बऱ्याच जणांना विचारलं की निवडणुकीच्या वर्षी यात्रेत काय होतं. एका पोरानं सांगितलं की सगळ्या पक्षाचे येतात, हार घालतात, पाळण्यात बसतात, भाषण मात्र लोकं फार ऐकत नाहीत, कुस्त्या सुरू व्हायच्या असतात. काकांना जुने विद्यार्थी भेटत होते, त्यातला एक आता गावचा बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा कर्मचारी. तो यादी घेऊनच फिरत होता, कारण यात्रेला बाहेरगावी गेलेली सगळी माणसं येतात आणि पत्ते, मोबाईल नंबर दुरुस्त करून घ्यायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. जिलेबीच्या दुकानासमोर उभं राहून त्यानं दोन पोरींचे १८ पूर्ण झाल्याचे फॉर्म भरून घेतले. एकीचा हात पाकानं चिकट झालेला, तिनं आधी ओढणीला पुसला आणि मग सही केली.

परतीला थेट लातूरच्या गाड्या संध्याकाळी लवकर संपतात, तेवढं बघून ठेवा, नाहीतर नळेगावपर्यंत जीप आणि तिथून दुसरी गाडी. आम्ही जीपनं आलो. तीन दिवसांचा दोघांचा खर्च किती म्हणून काहींनी आधीच विचारलंय तर सांगते, तिकिटं अर्धी आणि एक मुक्काम ओळखीत, त्यामुळं दोन हजाराच्या आत झालं. पुढच्या खेपेला खरोसा, औशाचा किल्ला आणि मदनसुरी मंडळातली गावं करायची आहेत. त्या बाजूचं कुणी असेल तर कळवा, विशेषतः २००९ च्या आधी आणि नंतर मतदानाला कुठं जात होतात हे आठवणारं घरात कुणी असेल तर.